वैशालीच्या बाळाची नळी

तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, आजी, एवढ्या उन्हात अकोल्याला कशाला गेली होतीस? मी "कामाला" म्हणाले आणि तुमच्याकडचा बर्फ वितळला का ते विचारलं. खरं कारण तेव्हा सांगता येत नव्हतं. आता ज्या मुलीची ही हकिगत आहे तिला विचारून लिहिते आहे. माणसांची नावं मी बदलली आहेत, खेड्यांची नावं देणार नाही आणि आजाराचं नावही नाही. तेवढं सोडून सगळं जसं घडलं तसं.

आधी माझं काम काय ते सांगते. पुण्यातल्या एका रुग्णालयात एक समिती आहे. रुग्णांवर जे संशोधन चालतं ते रीतसर चालतं की नाही हे ती बघते. तीत डॉक्टर असतात, वकील असतो, आणि डॉक्टरही नाही नि वकीलही नाही असं एक माणूस लागतं. ते माणूस मी. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवल्यामुळे इंग्रजी मसुदे साध्या मराठीत आणायचं कामही माझ्याकडेच येतं.

सई, तू जन्मलीस तेव्हा तिथल्या दवाखान्यात तुझ्या टाचेला टोचून रक्ताचा थेंब घेतला होता. तुझ्या आईनं मोबाइलवर बोट टेकवलं आणि झालं. तो थेंब आज कुठे आहे, तुझ्याबद्दलची माहिती कोण वाचू शकतं, हे तिनं विचारलं नाही. याचे नियम ठरलेले असतील असं ती धरून चालली. आपल्याकडे मात्र प्रत्येक रुग्णालयाचा अर्ज वेगळा. एक म्हणतं, तुमचं रक्त आमच्या दाराबाहेर जाणार नाही. दुसरं म्हणतं, कुठेही जाईल. तिसरं म्हणतं, ज्यानं सही केली त्यालाच विचारा. दोन रुग्णालयांना एकमेकांकडे रक्ताचा नमुना किंवा रुग्णाची माहिती पाठवायची झाली की महिनोन्‌महिने पत्रव्यवहार. म्हणून सगळ्यांसाठी एकच अर्ज नि एकसारख्या अटी करायचं काम गेलं वर्षभर चाललं आहे. त्या अर्जाची मराठी लोकांना कळते का, हे ऐकायला मी अकोल्याला आणि अमरावतीला गेले होते. बैठका दोन, मुक्काम मोजकेच, बॅगेत सुती साड्या आणि ओआरएसची पाकिटं. सगळं नीट आखलेलं होतं.

अकोला

मार्च नुकता लागला होता, पण सकाळी दहालाच डांबर चमकायला लागलं. ऑटोवाल्याला मी म्हटलं, फार ऊन आहे हो. तो म्हणाला, हे तर काहीच नाही, मे महिन्यात या. पुण्यात रिक्षावाला असं आमंत्रण देत नाही.

बैठकीला परिचारिका होत्या, तरुण डॉक्टर होते आणि रुग्णांचे नातेवाईक होते. मी एकेक कलम वाचून दाखवलं. पुण्यात लोक "एक छोटीशी सूचना करू का" असं म्हणून सुरुवात करतात. इथे दुसऱ्याच ओळीला मागून आवाज आला, "बाई, नमुना म्हंजे रक्तच ना? मंग रक्त लिवा ना. नमुना तं बियान्याचा असते." सगळे हसले. मीही हसले, आणि कंसात 'रक्त' लिहून घेतलं.

दोन गोष्टींवर जरा वेळ गेला. त्या पुढे लागणार आहेत, म्हणून सांगते. एक, अर्जात कुणी हातानं काही लिहायचं नाही, फक्त दिलेल्या पर्यायांवर खूण करायची. हे कलम माझ्याच आग्रहानं आलं होतं. हातानं लिहू दिलं की पुन्हा प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या अटी तयार होतात. दुसरी गोष्ट, गावाचा रकाना. रुग्णाचं नाव अर्जाबरोबर पुढे जात नाही, पण गाव आणि जात जाते, कारण संशोधकांना पाणी, माती, नात्यातली लग्नं असं सगळं अभ्यासायचं असतं. मी समितीत म्हटलं होतं, लहान गाव असेल तर गाव आणि जात मिळून नावच होतं. पण मतदानात मी एकटी पडले होते.

दुपारी डॉक्टर तायडे डबा घेऊन माझ्या शेजारी बसल्या. पस्तिशीच्या, बारीक, बोलायला भरभर. मूळच्या मूर्तिजापूरकडच्या, वडील शाळेत मास्तर होते. भाकरी, वांग्याचं भरीत आणि असा ठेचा की माझ्या डोळ्यांतून पाणी. त्यांनी ताकाचा पेला पुढे केला आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमचा अर्ज यायला किती दिवस लागतील?"

मी म्हटलं, दिवस नाही, निदान आणखी एक वर्ष.

त्या म्हणाल्या, "माझ्या पेशंटकडे तेवढा वेळ नाही."

पेशंट म्हणजे वैशाली. बाळापूर तालुक्यातल्या एका गावी दिलेली, भाजीपाला पिकवणाऱ्या माळी कुटुंबातली सून. तिचं पहिलं बाळ दीड वर्षाचं होऊन गेलं. आजार दुर्मीळ, आईबापांकडून उतरणारा, पण नेमका कोणता ते बाळ असेपर्यंत कळलंच नाही. त्याच्या रक्तातून काढलेला अंश एका लहानशा नळीत अमरावतीच्या एका रुग्णालयात गोठवून ठेवला होता. आता वैशालीला पुन्हा दिवस गेले होते. पोटातल्या बाळाला तोच आजार आहे का हे तपासता येतं, पण ठरावीक आठवड्यांतच, आणि त्याआधी पहिल्या बाळाच्या रक्तात नेमका कोणता दोष होता ते सापडायला हवं. मुंबईची प्रयोगशाळा तपासायला तयार होती. नळी मात्र अमरावतीहून हलत नव्हती. डॉक्टर तायडेंनी पत्रं पाठवली, फोन केले. अमरावतीची अट एकच: ज्यानं सही केली त्याची संमती आणा.

"मग वैशालीला न्या ना," मी म्हटलं.

"सही तिची नाही. तिच्या वडिलांची आहे. अन् ते मला दारातून परत पाठवतात. म्हणतात, कालची पोरगी तू, मले काय शिकवतं."

त्यांना माझे पांढरे केस हवे होते. माझ्या आखलेल्या कार्यक्रमात हे कुठेच नव्हतं. रात्री विश्रामगृहात मी अमरावतीच्या बैठकीचे कागद लावून ठेवले, पुन्हा काढले, पुन्हा लावले. झोप आली नाही.

बाळापूरकडे

सकाळी डॉक्टर तायडेंच्या गाडीतून निघालो. काळी जमीन, हरभरा निघून गेलेला, मधेच गव्हाचा पिवळा तुकडा. बाळापूरचा किल्ला नदीच्या वर अंगाला दिसतो. विटांचा, उंच, आत सरकारी कचेऱ्या. उतरून बघायची फार इच्छा होती. गाडी थांबवा असं म्हणायची हिंमत झाली नाही.

हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारट, म्हणून प्यायचं पाणी विकत आणतात. वैशालीच्या सासूबाईंनी आमचा चहा त्या पाण्याच्या कॅनमधून पाणी मोजून घेऊन केला. तो नको म्हणायची माझी पुणेरी सवय जिभेवर आली होती, पण डॉक्टर तायडेंनी डोळ्यांनी दटावलं.

सासूबाई ठसठशीत बाई. मला "ताई" म्हणाल्या, जवळ बसवून घेतलं आणि सरळ मुद्द्यावर आल्या. पहिलं बाळंतपण माहेरी करायची त्यांच्याकडे रीत आहे. खर्च, दवाखाना, सगळं माहेरचं. बाळ-बाळंतीण महिनोन्‌महिने तिकडेच राहतात. म्हणून दवाखान्यात वैशालीचं नाव माहेरच्या आडनावानं लागलं, बाळही त्याच नावानं नोंदलं गेलं आणि सह्या वडिलांनी केल्या. जावई इकडे मळ्यात. त्यात कुणाला काही गैर वाटलं नाही, तसंच असतं. आता वैशालीच्या आधार कार्डावर सासरचं नाव आहे, आणि कागदावर ती त्या बाळाची आईच नाही.

आपल्या अर्जात 'पालकाचे नाव' अशी एक ओळ होती. ती ओळ मला तिथे ओट्यावर बसल्या बसल्या दिसत राहिली.

"थ्यायच्याच घरात काई तरी हाय," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या सात पिढ्यांत नाई असं. तपासनी होऊ द्या, दिसनच."

वैशाली आतून ऐकत होती. तिनं पाटवड्यांचा रस्सा वाढला, वर भरपूर सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर. चव मला आठवत नाही. तिचं लक्ष आठवतं. ताट ठेवताना ते सारखं सासूबाईंकडे जात होतं. सासूबाई डॉक्टर तायडेंना मळा दाखवायला गेल्या तेव्हा ती माझ्याजवळ उकिडवी बसली.

"आजी, तुमी बाबाकडे जाऊन राहिल्या?"

हो म्हटलं.

"मले पुना दिवस गेले हे बाबाले सांगू नका."

मी विचारलं, का गं?

"मागच्या टायमाले सा महिने कोनाशीच बोलले नाई थे. आता पुना आस लावाची अन् काई झालं तं? सारं ठीक हाय असं कळलं का मीच सांगीन."

मी तिला शब्द दिला. गाडीत बसेपर्यंत त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला. मी लिहिलेल्या अर्जाचं पहिलंच कलम होतं, सही घेण्याआधी रक्त कशासाठी हवं ते सांगितलंच पाहिजे. आणि कशासाठी हवं ते सांगायचं नाही, असा मी शब्द देऊन बसले होते.

अमरावती

दुसऱ्या दिवशी अमरावती. माझी बैठक दुपारी होती. ती मी फोन करून पुढे ढकलली. तुमच्या आजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी तापमापक आणलं असतं.

रुग्णालयात नमुन्यांचा कारभार बघणाऱ्या बाई वानखडे. टेबलावर काच, काचेखाली मुलांचे फोटो. त्यांनी यादीत नाव शोधलं आणि म्हणाल्या, नळी आहे. पण फ्रीझर मधल्या काळात नव्या इमारतीत हलवला, त्यात काही नळ्या मागेपुढे झाल्या, बघून सांगते. त्या गेल्या. आम्ही बाकावर बसलो. डॉक्टर तायडे ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. बाळ गेलं, आणि त्याचं जे काही मागे उरलं ते एका नळीत. आणि ती नळी सापडत नाही म्हणाल्या तर वैशालीला काय सांगायचं, हे मी मनात जुळवत होते आणि ते जुळत नव्हतं.

वानखडेबाई परत आल्या. "हाय. चांगली हाय."

डॉक्टर तायडेंनी डोळे पुसले आणि लगेच विचारलं, कधी मिळेल? त्या म्हणाल्या, सही आणा, आत्ता देते. पण आजच आणा. उद्यापासून होळीची सुट्टी, मग शनिवार-रविवार, आणि त्यानंतर त्या स्वतः भाचीच्या लग्नाला. त्यांच्याशिवाय त्या फ्रीझरची किल्ली कुणाकडे नसते. डॉक्टर तायडे मनातल्या मनात आठवडे मोजत होत्या, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेवढे दिवस गेले तर मुंबईचा निकाल वेळेत येणार नव्हता.

बाहेर पडताना त्यांनी गाड्यावरून गिला वडा घेतला. दह्यात भिजवलेला, वर तिखट चटणी. अमरावतीला आलात तर जरूर खा. मी गाडीत खायला गेले आणि खड्ड्यासरशी दही सगळं समितीच्या फाइलवर. मसुद्याचं पहिलं पान आजही आंबट वास मारतं.

रिद्धपूरच्या अलीकडे

वैशालीच्या माहेरी, मोर्शीकडे जाताना संत्र्याच्या बागा लागतात. गडद हिरव्या, ओळीनं. रिद्धपूरला जाणारी महानुभाव मंडळी वाटेत भेटली, काळ्या वस्त्रांतली, भर उन्हात अनवाणी, निवांत. मला त्यांचा हेवा वाटला.

वैशालीच्या वडिलांना महादेवराव म्हणू या. झेंडूचा तोडा चालला होता. शेताच्या कडेला ताडपत्रीवर केशरी ढीग, आणि ते त्याच्या बाजूला बसून क्रेट भरत होते. धाकटी मुलगी पूजा मदतीला. डॉक्टर तायडेंना बघून त्यांनी मान फिरवली, मला बघून उठले. पूजानं खाट टाकली, पाणी आणलं, संत्री सोलून दिली. पुण्यात आपण पाहुण्याला फळ कापून देतो; इथे सोलून हातात फोडी ठेवतात.

मी माझं नाव सांगितलं, काम सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लेकरू जाऊन दोन वर्सं झाले, बाई. आता काहून?"

तोच प्रश्न. डॉक्टर तायडे माझ्याकडे बघत राहिल्या. संशोधनासाठी, असं म्हणता आलं असतं. त्यांनी कदाचित सहीही केली असती. मी हातातल्या संत्र्याच्या फोडी खाटेवर ठेवल्या.

"कारण आहे," मी म्हटलं, "आणि ते कळल्याशिवाय तुम्ही सही करू नका. पण ते सांगायचा हक्क माझा नाही. वैशालीचा आहे."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "पोरगी बरी हाय ना?"

बरी आहे म्हटलं, आणि वैशालीला फोन लावला. पहिल्यांदा लागलाच नाही. मग लागला तर सासूबाईंनी घेतला. त्यांना मी म्हटलं, वैशालीलाच द्या. तिला सांगितलं, मी तुझ्या बाबांसमोर बसले आहे, त्यांनी कारण विचारलं आहे, मी सांगितलेलं नाही. तू सांगणार असलीस तर फोन देते. नसलीस तर आम्ही उठतो.

पलीकडे दाराला कडी लागल्याचा आवाज आला. मग, "द्या."

महादेवराव फोन कानाला लावून झेंडूच्या सऱ्यांमधून चालत लांब गेले. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. पाठ दिसत होती. एकदा ते थांबले, खाली बसले, फुलांत दिसेनासे झाले. पूजा उभी राहिली. डॉक्टर तायडेंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघत होते.

ते परत आले तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज सरळ होता. त्यांनी फोन मला दिला आणि खाटेच्या कडेवर बसले.

"दोस कोनाकडला हाय थे यातून दिसन का?"

डॉक्टर तायडे म्हणाल्या, दिसू शकतं. दोघांकडून थोडा थोडा असू शकतो, नाहीतर एका बाजूचा. आत्ता सांगता येत नाही. त्यांनी काही गोड करून सांगितलं नाही, हे मला आवडलं.

"आमच्याकडला निंघाला तं ह्या पोट्टीचं काय?" त्यांनी पूजाकडे न बघता विचारलं. तिची सोयरीक जमत आली होती. "वैशालीची सासू गावभर सांगीन. सोयरे उद्याच्या उद्या मोडतीन."

"बाबा, मोडतीन तं मोडू द्या," पूजा म्हणाली. "अशायले द्याचीच कायले मले?"

"तू चूप बस."

ती चूप बसली नाही. क्रेट उचलताना पुटपुटली, बाबांना माझ्या लग्नाची काळजी ताईच्या लेकरापेक्षा जास्त. महादेवरावांनी ते ऐकलं. त्यांनी झेंडूचं एक फूल उचललं, पाकळ्या काढत बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सही करतो. पन माह्या दोन अटी लिवा. निकाल फक्त वैशालीले सांगाचा. सासूले नाई, जवायाले नाई, मले बी नाई. मंग कोनाले सांगाचं थे वैशालीच पाहीन. अन् आमच्या गावाचं नाव कुठं जाऊ द्याचं नाई. आमच्या गावात माळ्यायचे घरं किती? लोकायले काय नाव लागते?"

डॉक्टर तायडेंनी मध्येच सांगितलं की जावयाचंही रक्त तपासावं लागेल. ते म्हणाले, त्याचं त्याला सांगा, आमच्या पोरीचं त्याला सांगायचं तर ती सांगेल.

तुम्ही आजीला ओळखता. एकसारख्या अटी असाव्यात, कुणी हातानं काही लिहू नये, असं सगळ्यांना पटवण्यात मी वर्ष घालवलं होतं. आणि आता एका माणसाच्या, एका गावाच्या, फक्त त्याच्यासाठीच्या दोन अटी मी फाइल मांडीवर ठेवून सुवाच्य अक्षरात लिहीत होते. लिहिताना एकच विचार होता, वानखडेबाई हे चालवून घेतील का.

पुन्हा अमरावती

महादेवराव आमच्याबरोबर आले. मागच्या सीटवर डॉक्टर तायडेंशेजारी बसले, आणि थोड्या वेळानं त्यांना म्हणाले, तू तायड्यायची का? तुझे वडील मास्तर होते का? पुढे दोघं कोणत्या तरी शाळेबद्दल बोलत राहिले. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसून प्रत्येक ट्रॅक्टरला मनातल्या मनात बाजूला ढकलत होते.

कार्यालयात खुर्च्या टेबलावर उलट्या घालायला सुरुवात झाली होती. वानखडेबाईंनी कागद वाचला आणि मान हलवली. "मॅडम, हातानं लिवलेलं चालत नाई. तुमच्याच लोकायनं पत्र पाठवलं ना, नव्या अर्जाची तयारी म्हनून आतापासूनच असं घेऊ नका म्हनून?"

पाठवलं होतं. त्या पत्राचं मराठी माझंच.

मी वाद घालायला लागले. आवाज चढला असावा, कारण शिपाई येऊन दारात उभा राहिला. मी म्हटलं, हा माणूस दीड तास प्रवास करून आला आहे, याला कारण कळलं आहे, याचं हो आहे. त्याच्या होकारातून या दोन ओळी काढल्या तर तो होकार राहतच नाही. वानखडेबाई ऐकत होत्या. महादेवराव टोपी हातात घेऊन उभे होते, आणि ते आता परत फिरतील, अशी भीती मला सारखी वाटत होती.

वानखडेबाईंनी त्यांना विचारलं, "काका, तुमाले पायजे काय? कोरा कागद भरून लिवाचं, का काम व्हाचं?"

"काम," ते म्हणाले.

मग वानखडेबाईंनी त्यांच्या रुग्णालयाचा छापील अर्ज पुढे ओढला. निकाल कोणाला कळवायचा, याला चार पर्याय होते. त्यांनी 'फक्त आईला' यावर खूण केली. कधी कुणी त्यावर खूण करत नाही, सगळे 'कुटुंबाला' वर करतात, असं त्या म्हणाल्या. जातीच्या रकान्यात त्यांनी रेघ ओढली. गावाच्या रकान्याशी येऊन त्या क्षणभर थांबल्या आणि लिहिलं: अमरावती जिल्हा.

"गाव मागतात ना त्यात," डॉक्टर तायडे हळूच म्हणाल्या.

"मंग? त्यायले याच्याहून बारीक पायजे असन तं फोन करतीन. मी हाय ना इथं." आणि माझ्याकडे वळून, "तुमी तेवढं तिकडे मोठा अर्ज करून राहिल्या, त्याच्यात हेच लिवा. दरवेळी मी नसन."

वैशालीचं माहेरचं नाव आणि आताचं नाव एकाच बाईचं आहे, असं महादेवरावांनी लिहून दिलं. सही केली. सही करताना त्यांनी पेन आडवं धरून आधी कागदावरून हात फिरवला, जसा गादीवरून फिरवतात. मग वानखडेबाई किल्ली घेऊन गेल्या आणि थर्मोकोलचा एक डबा घेऊन आल्या. महादेवरावांनी विचारलं, हात लावू का? त्यांनी वरून हात लावला. थंड हाय, म्हणाले.

डॉक्टर तायडे त्याच रात्रीच्या गाडीनं डबा घेऊन मुंबईला गेल्या. मी महादेवरावांना एसटीत बसवून दिलं. माझी अमरावतीची बैठक पुढच्या आठवड्यात झाली, फार गर्दी नव्हती.

पुणे

परत येऊन आता दोन महिने होत आले. समितीच्या बैठकीत मी गावाऐवजी जिल्हा आणि जातीचा रकाना ऐच्छिक, असं पुन्हा मांडलं. या वेळी आम्ही तिघं होतो. अजून ठरलेलं नाही. 'पालकाचे नाव' च्या जागी आईची लग्नाआधीची आणि नंतरची अशी दोन्ही नावं यायला मात्र कुणाची हरकत नव्हती.

तुम्ही विचाराल, निकाल काय आला? तो वेळेत आला, एवढं डॉक्टर तायडेंनी कळवलं. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. न विचारणं मला किती जड गेलं ते तुमची आई सांगेल. फोन वाजला की मी हातातलं टाकून धावत होते. वैशालीला मी हे सगळं लिहू का असं विचारायला फोन केला, तेव्हा ती "लिवा आजी" म्हणाली, आणि तेवढंच.

परवा तिच्या सासूबाईंचा फोन आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. इकडची-तिकडची चौकशी झाली, आणि मग म्हणाल्या, "ताई, तुमी तं कमिटीच्या. निकाल तुमाले मालूम असनच."

मला माहीत नाही म्हटलं.

"असतं तं सांगितलं असतं का?"

नाही, म्हटलं.

मला वाटलं ठेवला फोन. पण मागे भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी नळ बंद केला. मी विचारलं, ती नीट जेवते का?

"जेवते," त्या म्हणाल्या. आणि मग, "दोन भाकरी खाल्ल्या आज."

त्यापुढे दोघींनाही काही माहीत नव्हतं. आम्ही बराच वेळ उन्हाबद्दल बोलत राहिलो.